फेरिटिन अठराशे चाळीस

पहाटे पाचला मी ट्रे घेऊन निघते.
जांभळं झाकण, लाल झाकण, निळं झाकण,
रबरी पट्टा, स्पिरिटचा बोळा.
अंबाजोगाई झोपलेली असते.
आयसीयूतली यंत्रं तेवढी जागी,
आणि जिन्याखाली गोधडीत एक माणूस,
मला पाहिलं की उठून बसणारा.

खाट नंबर चार. झुंबर साळुंके.
वय पंचेचाळीस, अंदाजे.
घिसाडी. परळी रोडला, पंपाच्या मागं पाल.
कमानपाट्याची कपची तळहातात घुसली,
हळद भरली, चिंधी बांधली,
चार दिवस तशीच घण मारत राहिली.
मग विष रक्तात उतरलं.
आता तिच्या छातीचा भाता
व्हेंटिलेटर ओढतो,
मिनिटाला सोळा.

पहिल्या दिवशी तिचे दंड पाहून थबकले होते मी.
नवऱ्यानं सांडशीत धरायचं, फिरवायचं,
घण बाईनं घालायचा.
त्याच दंडात आता
शीर सापडत नाही.

हिमोग्लोबिन अकरा.
साडेनऊ.
आठ पॉइंट दोन.
सात.

"ताई, रोज रगत कामून नेयालाव?" लखाजी विचारतो.
"आधीच तिच्यात न्हाई म्हंता."
तपासायला, मी म्हणते.
"काय तपासता?"
किती उरलंय ते.
बोलून गेले
आणि जिन्यातच उभी राहिले, ट्रे धरून.

रिपोर्ट आला त्या दुपारी: रक्तात लोह चौदा,
फेरिटिन अठराशे चाळीस.
केंद्रे मॅडम पायरीवर बसल्या त्याच्याशेजारी.
लोखंड संपलं नाही, म्हणाल्या, कुलपात गेलंय.
जंतूंनाही लोखंड लागतं वाढायला.
घरात चोर शिरला की अंग आधी कोठार लावून घेतं.
लिव्हरचा निरोप जातो:
आतड्याची दारं लावा,
आणि जुन्या पेशी मोडून लोखंड काढणारे
अंगातले जे भंगारवाले,
त्यांनी माल बाहेर काढायचा नाही.
चोर उपाशी राहतो.
भट्टीही निवते.

लखाजीनं बराच वेळ मिशी ओढली.
"म्हंजी माल हाय, पर ऐरणीवर येईना."
हो.
"मग वरून घाला की."
आत्ता घातलं तर चोराच्याच हाती लागेल.
यावर तो काही बोलला नाही.
तापलेला पाता पाण्यात कधी बुडवायचा
हे ज्याला रंगावरून कळतं,
त्याला थांबणं शिकवावं लागत नाही.

त्या रात्री मी माझा हिशेब केला.
रोजचे चाळीस मिली, बारा दिवस.
चारशे ऐंशी.
अकराव्या दिवशी तिला एक पिशवी चढवली होती,
साडेतीनशेची.
म्हणजे दिलं त्याहून नेलं जास्त,
आणि नेणारा हात माझा.

सकाळी लहान मुलांच्या वॉर्डात जाऊन
सिस्टरकडून बारक्या नळ्या मागून आणल्या.
अर्धा मिलीच्या. बाहुलीच्या बाटल्या वाटतात.
मॅडमपुढं कागद धरून विचारलं,
हे सगळं रोज लागतं का?
त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
मग पेननं तीन ओळी खोडल्या.

सतराव्या दिवशी ताप नव्हता.
विसाव्याला घशातली नळी निघाली.
काचपट्टीवर, गुलाबी गर्दीत,
मला दोन-चार निळसर, मोठ्या पेशी दिसल्या,
कोवळ्या, हाडांतून नुकत्याच निघालेल्या.
कोठार किलकिलं झालं असावं.
मी डोळा लावून बसले होते, चहा निवला.

दुसऱ्या दिवशी ट्रे पाहून ती ओळखीचं हसली,
किंवा तोंड वाकडं केलं, नीट कळलं नाही.
"तूच का ती?" आवाज घासलेला, कानशीसारखा.
"किती नेलंस माझं?"
खरं सांगितलं. अर्ध्या लिटरच्या वर.
तिनं बांधलेला हात जरा उचलला,
वजन करावं तसा.
"लिहून ठेव," म्हणाली.
"सुगीला दे."

रजिस्टरात तसा रकाना नव्हता.
समासात लिहिलं.